घामाची जकात

आपल्या देवांना डोंगर फार आवडतात. जेजुरीचा खंडोबा घ्या, वणीची सप्तशृंगी घ्या, कार्ल्याची एकवीरा घ्या. एकानेही एसटी स्टँडच्या जवळ, रिक्षाने जाता येईल अशी जागा पाहिली नाही. भक्ताने पायऱ्या चढाव्यात, मध्ये दोनदा बसावे, गुडघ्याला हात लावून "आई गं" म्हणावे आणि मग घामाघूम होऊन दर्शन घ्यावे, अशीच योजना दिसते. त्यामुळे आपल्या मनात एक समजूत पक्की बसली आहे. वरच्या गोष्टी फुकट मिळत नाहीत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडालाही देवपण नाही, मग माणसाला देखावा कसा मिळावा?

आमच्या घरात तर ही समजूत म्हणजे कुलाचारच होता. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची आणि तिचा हिशोब फार चोख. दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तोही दोनदा. तारखेच्या डावीकडे एक आकडा, उजवीकडे एक. "आईचा दूधवाल्यावरच काय, स्वतःवरही विश्वास नाही," असे मी चारचौघांत सांगायचो आणि लोक हसायचे. सुखाचाही असाच हिशोब असतो, डावीकडे कष्ट आणि उजवीकडे आनंद, दोन्ही रकाने जुळले पाहिजेत, असा माझा सिद्धांत होता. या सिद्धांतापायी मी उमेदीच्या वयात दर पावसाळ्यात सह्याद्रीचे गड चढलो. पायात हंटर शूज, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पिठलं-भाकरी आणि डोक्यात जे लोक गाडीने वर येतात त्यांच्याबद्दल अपार तुच्छता, असा सगळा सरंजाम असे.

अशा माणसाला २०२३ च्या डिसेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, उजव्या गुडघ्याने दगा दिलेला असताना, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला टेबल माउंटनच्या पायथ्याशी नेऊन उभे करण्यात आले. माझी मुलगी आणि जावई तिथे नोकरीला आहेत. आपल्याकडे पाहुण्यांना जशी सारसबाग किंवा गेट वे दाखवतात तसा तिथे टेबल माउंटन दाखवतात. फरक इतकाच, की तो दाखवावा लागत नाही. गावात कुठेही उभे राहा, तो आहेच. घराच्या खिडकीतून, दुधाच्या दुकानातून, सिग्नलला थांबलेल्या गाडीतून. साडेतीन हजार फुटांची उभी भिंत आणि वरचा भाग कोणीतरी सुरीने कापावा तसा सपाट. समोर अटलांटिक महासागर.

"हे तर आपलं पाचगणीचं टेबललँड!" मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

"बाबा, आठव्या मिनिटाला," मुलगी म्हणाली. तिने आणि जावयाने पैज लावली होती म्हणे. बाबा डोंगर बघून किती वेळात महाराष्ट्रातला डोंगर काढतील यावर. जावयाने पंधरा मिनिटे धरली होती. त्याला मी अजून पुरता कळलेलो नाही.

पण सह्याद्रीचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला तिथे जरा जपूनच बोलावे लागते. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून झाला. या डोंगराचा वालुकाश्म पंचेचाळीस कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे सह्याद्री त्याच्यापुढे अगदीच बिगरीतला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचे नाव होरीक्वागो, म्हणजे समुद्रातला डोंगर, असे सांगतात. १५०३ साली अंतोनियो द साल्दान्या नावाचा एक पोर्तुगीज दर्यावर्दी आपल्या या पूर्वेकडच्या समुद्रांकडे निघाला होता. तो वाट चुकला. आपण नेमके कुठे आहोत हे बघायला तो या डोंगरावर चढला. डोंगर चढल्याची पहिली लेखी नोंद ती त्याचीच. मूळ रहिवाशांनी नोंद केली नाही, कारण आपण कुठे आहोत हे त्यांना माहीत होते.

डोंगरावर जायचे दोन मार्ग. एक प्लाटेक्लिप नावाच्या घळीतून, दगडी पायऱ्यांनी, धडधाकट माणसाला दोनतीन तासांचा. दुसरा केबल कारचा, पाचेक मिनिटांचा. मी अर्थातच पहिल्याचा विषय काढला.

"अहो, परवा टॉयलेटमधून उठताना तुम्ही नळाला धरलं होतंत. नळ हातात आला," आमची ही म्हणाली.

वादात हिचे एक बरे असते. ती तत्त्वज्ञानात शिरत नाही, पुरावा टाकते.

तिकिटे काढली. पण दोन दिवस केबल कार बंद. उन्हाळ्यात तिथे आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो. समुद्रावरची दमट हवा तो डोंगरावर चढवतो, वर गेल्यावर ती थंड होते, तिचा ढग होतो आणि तो ढग सपाट माथ्यावरून पुढच्या बाजूला असा ओघळतो की वाटावे, टेबलावर कोणी पांढराशुभ्र टेबलक्लॉथ पसरलाय. खाली येता येता हवा पुन्हा गरम होते आणि ढग विरतो, त्यामुळे कापड जमिनीपर्यंत कधी पोचतच नाही. तिथली दंतकथा वेगळी. व्हॅन हंक्स नावाचा एक निवृत्त चाचा शेजारच्या डोंगरावर बसून चिलीम ओढायचा. एक दिवस साक्षात सैतान आला आणि दोघांची धूर काढायची पैज लागली. तोच हा धूर. निवृत्त माणसाने घरात बसून बायकोच्या नाकाशी धूर काढण्यापेक्षा डोंगरावर जावे, असा मी तिचा बोध काढला. हिने तो "तुम्हीसुद्धा जा, पण केबल कारने" असा पुढे नेला.

तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि आम्ही निघालो.

ही केबल कार १९२९ साली सुरू झाली. आताचे डबे १९९७ पासूनचे, गोल, एका वेळी पासष्ट माणसे घेणारे. दार उघडल्याबरोबर माझ्यातला मराठी प्रवासी जागा झाला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची चाळीस वर्षांची साधना अशी वाया जात नाही. दोन जर्मन आणि एक चिनी कुटुंब चुकवून मी समुद्राच्या बाजूची काच गाठली, कठड्याला दोन्ही हातांनी धरले आणि विजयी मुद्रेने हिला खुणावले. डबा सुटला आणि दुसऱ्याच क्षणी माझे पाय माझ्या हातांपासून लांब जाऊ लागले.

त्या डब्याची जमीन फिरते हो! भिंत जागच्या जागी, जमीन मात्र गोल फिरते. वर पोचेपर्यंत एक फेरी पुरी. सूचनाही दिली होती म्हणे, कठड्याला धरू नका म्हणून. पण खिडकी पकडण्याच्या वेळी सूचना ऐकतो कोण? मी हात सोडले. समुद्र गेला, गाव आले, गाव गेले, अंगावर येणारा कडा आला. मागे उभी राहिलेली आमची ही शांतपणे समुद्रापुढे येऊन पोचली. पासष्टच्या पासष्ट माणसांना सगळ्या दिशा सारख्या मिळाल्या. धक्काबुक्की नाही, रुमाल नाही, "अहो, जरा सरकून घ्या" नाही. समता मी पुस्तकांतून पुष्कळ वाचली होती. पायाखाली यंत्रासारखी फिरताना प्रथमच पाहिली.

आमच्या डब्यात चाकांच्या खुर्चीत बसलेली एक फार म्हातारी बाई होती. बरोबर नात असावी. खुर्चीही फिरत होती आणि म्हातारी प्रत्येक दिशेला बोट दाखवून नातीला काहीतरी विचारत होती. भाषा मला कळत नव्हती. पण प्रश्न कळत होते. 'ते काय? आणि ते? आणि त्याच्या पलीकडे?'

वर पोचलो. आता देखाव्याचे वर्णन करण्याचे काम मी टाळतो. अशा वर्णनात निळाशार, अथांग आणि नजर पोचेल तिथवर हे तीन शब्द येतातच, ते वाचकांनी आपापले घालून घ्यावेत. मला जास्त मौज वाटली ती डॅसी नावाच्या प्राण्याची. दिसायला आपल्या घुशीचा गुबगुबीत, कुलीन मावसभाऊ. उन्हात खडकावर पोट टेकून पडलेला. आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कोण, तर हत्ती! नात्यावरून माणसाची पारख करू नये ती अशी. खडकांतून फेनबॉस नावाची झुडपे. एवढ्याशा केप द्वीपकल्पात वनस्पतींच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. समुद्रात समोर एक बशीसारखे चपटे बेट. ते रॉबेन बेट. नेल्सन मंडेलांच्या सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासातली अठरा वर्षे तिथे गेली.

इतके सगळे समोर असताना माझे लक्ष कुठे असावे? प्लाटेक्लिपच्या वाटेने वर आलेल्या एका तरुणाकडे. घामाने निथळत होता, खांद्यावर सॅक, पोटऱ्या लालबुंद. त्याने आमच्या घोळक्याकडे पाहिले. पांढऱ्या टोप्या, छत्र्या, माझी इस्त्रीची पँट. त्याच्या नजरेतला तो भाव मी तत्काळ ओळखला. ओळखणार नाही तर काय? तीस वर्षे तो मीच वापरला होता. तो भाव अंगावर घेण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली.

"बघतोय कसा बघ," मी हिला म्हणालो. "जसं काही आपण चोरीच केलीय."

"तुम्ही आईंकडे असंच बघितलं होतंत," ही म्हणाली. "पाचाडला."

आता हे पाचाडचे प्रकरण सांगणे आले.

रायगडाचा रोपवे १९९६ साली झाला. आई निवृत्त होऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज. आईने वर्षानुवर्षे फळ्यावर खडूने रायगड काढला होता. महादरवाजा इथे, बाजारपेठ इथे, नगारखाना, राजसभा, जगदीश्वर, टकमक टोक. शेकडो पोरांना तिने तो गड दाखवला आणि स्वतः कधी पाहिला नव्हता. संसार, नोकरी, आमची आजारपणे, मग संधिवात. रोपवे झाल्याचे तिने वर्तमानपत्रात वाचले, कात्रण कापून ठेवले आणि दोन वर्षे वाट पाहून १९९८ साली एकदा मला म्हणाली, "मला ने ना रे एकदा रायगडावर."

मी नेले. पण बरोबर माझे ऑफिसचे ट्रेकर मित्र होते आणि त्यांच्यासमोर पाळण्यात बसायचे म्हणजे शोभा! मी आईला म्हणालो, "आई, रोपवेनं जाण्यात काय आहे? गड असा पाळण्यात बसून चढायचा नसतो."

आई म्हणाली, "मला चढायचा नाहीये रे. बघायचाय."

बहात्तर वर्षांच्या बाईचे हे वाक्य मी हसण्यावारी नेले. पुढच्या वेळी बघू, तोवर जरा चालायची सवय कर, असे सांगितले. हिला आणि आईला पाचाडला, जिजाऊंच्या समाधीपाशी झाडाच्या सावलीत बसवले. वर एक विनोदही केला. उतारवयात आऊसाहेबांना गडावरची हवा मानवेना म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला, असे सांगतात. "आईला पाचाडला ठेवायची रीत महाराजांपासूनचीच आहे," असे मी म्हणालो. आऊसाहेब राज्याभिषेकाला गडावर होत्या आणि तिथवर त्या काही सॅक लावून आल्या नसणार, पालखीच असणार, हे मला तेव्हा सुचले नाही.

खाली आल्यावर आईने मला विचारले, "बाजारपेठेची जोती खरंच इतकी उंच आहेत का रे, घोड्यावर बसून खरेदी करता येईल अशी? आणि नगारखान्यात हळू बोललेलं सिंहासनाच्या जागेवर ऐकू येतं म्हणतात, ते खरं का?"

मी म्हणालो, "ते काही पाहिलं नाही. गर्दी होती. पण आई, एक तास दहा मिनिटांत वर!"

पुढची वेळ आलीच नाही. २००१ साली आई गेली.

"एक सांगू?" टेबल माउंटनच्या कठड्याला टेकून ही म्हणाली. "ते कॅलेंडरवरचे आकडे तुम्ही सगळ्यांना सांगून हसवता ना? दुधाचा हिशोब डावीकडचा. उजवीकडचे आकडे जिन्याचे होते. पाचाडहून आल्यावर आई दुपारी आपल्या बिल्डिंगचा जिना चढायच्या-उतरायच्या. आज तीन खेपा झाल्या, आज चार. मला म्हणायच्या, त्याला सांगू नकोस, उगाच घाई करेल."

खाली महासागर होता आणि शेजारी डॅसी निवांत पडला होता. मी बराच वेळ त्या डॅसीकडे बघत बसलो. गृहस्थाने हत्तीशी असलेले नाते सिद्ध करण्यासाठी काहीही केल्याचे दिसत नव्हते.

तर सांगायचा मुद्दा असा, की कष्ट केल्याशिवाय मिळालेला आनंद खरा की खोटा, हा प्रश्न मी इतकी वर्षे फार मोठा तात्त्विक प्रश्न समजत होतो. आता त्याच्याकडे जरा नीट बघू.

कष्टाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते मी नाकारत नाही. चढून गेलेल्या माणसाला वाट कळते, वारा कळतो, तहान कळते. माठातले पाणी त्याला जसे लागते तसे आमच्या फ्रिजमधल्याला लागत नाही. केबल कारने जाणाऱ्याला डोंगराचा शेवटच तेवढा मिळतो, गोष्ट मिळत नाही. हे सगळे खरे. पण यातून फार तर एवढेच निघते, की ज्याला चढता येते त्याने चढावे. ज्याला चढता येत नाही त्याने बघू नये, हे यातून कुठे निघते? आणि मी तर तेच काढून बसलो होतो.

शिवाय चढल्याने माणूस मोठा होतो म्हणावे, तर त्याच डोंगरावर त्याचे उत्तर आहे. जनरल स्मट्स हे दक्षिण आफ्रिकेचे दोनदा पंतप्रधान झाले. त्यांना या डोंगराचे वेड. सत्तरी उलटल्यावरही गृहस्थ पायी वर जात. कर्स्टनबॉश बागेकडून येणाऱ्या वाटेला त्यांचेच नाव आहे. १९२३ साली पंतप्रधान असताना त्यांनी डोंगराच्या अगदी माथ्यावर उभे राहून भाषण केले आणि डोंगर माणसाच्या आत्म्याला कसा वर नेतो ते सांगितले. आता इतक्या वेळा वर गेलेल्या आत्म्याने खाली उतरल्यावर काय करावे? काळ्या माणसाला त्याच्याच देशात मताचा अधिकार असावा, असे त्यांना काही वाटले नाही. १९४६ साली हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घालणारा कायदा त्यांच्याच सरकारने केला आणि भारताने तो प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. गांधीजींनी तुरुंगात स्वतःच्या हाताने शिवलेल्या चपला १९१४ साली देश सोडताना याच स्मट्ससाहेबांना भेट दिल्या होत्या. त्यांनी त्या बरीच वर्षे वापरल्या आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तरीला परत केल्या. एवढ्या मोठ्या माणसाच्या चपलांत उभे राहायची आपली योग्यता नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिलेही. हे कबूल करायला मन मोठे लागते. पण डोंगर पायी चढला काय आणि गांधीजींच्या चपला घालून चाललो काय, नुसत्या पायांनी माणूस सगळा वर जात नाही, एवढे यातून दिसते.

आणि कष्ट हेच जर तिकीट असेल तर पहिला मान कोणाचा? समोरच्या रॉबेन बेटावर मंडेला आणि त्यांचे सोबती भर उन्हात चुनखडीच्या खाणीत दगड फोडत होते. तिथून हा डोंगर स्वच्छ दिसतो. घाम गाळावा त्यांनी आणि डोंगर मिळावा दुसऱ्यांना. डोंगराच्या पायाशी डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. १९६६ साली ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली आणि पुढच्या दीडेक दशकात साठ हजारांवर माणसे तिथून उठवून लांबच्या माळावर नेऊन टाकली. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या दारात हा डोंगर होता त्यांना तो क्षितिजावर बघायची वेळ आली. त्यांचा कष्टांचा रकाना काय कमी भरला होता?

आपली हिरकणी घ्या. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली, अशी कथा आहे. तिचे धैर्य मी लहानपणापासून ऐकत आलो. गंमत म्हणजे रायगडाचा रोपवे हिरकणीवाडीतूनच वर जातो. त्या रात्री हिरकणीला कोणी म्हटले असते, की बाई, पाळणा आहे, चार मिनिटांत खाली सोडतो, तर ती काय "नको, त्यात कड्याचा अनुभव येत नाही" म्हणाली असती? तिला कडा उतरायचा नव्हताच. तिला मुलापाशी जायचे होते. कडा उतरायची हौस पोट भरलेल्या आणि मूल झोपवलेल्या माणसाला असते. ती हौस चांगलीच आहे, पण तिला तत्त्वज्ञान म्हणू नये.

मला वाटते, कष्ट स्वतःवर घातले तर ते व्रत होते आणि दुसऱ्यावर घातले तर ती जकात होते. मी आयुष्यभर व्रत समजून जकातनाक्यावर बसलो होतो. येणाऱ्याजाणाऱ्याचा घाम मोजत होतो आणि ज्याच्यापाशी पुरेसा नाही त्याला परत पाठवत होतो. दुर्दैवाने नाक्यावर पहिली आईच आली.

अर्थात केबल कार म्हणजे न्यायाचे राज्य, असेही कोणी समजू नये. तिथे घामाची जकात गेली आणि रोखीची आली. आमची तिकिटे जावयाने काढली आणि किंमत सांगायचे टाळले, यावरून मी काय ते ओळखले. खालच्या माळावरच्या वस्त्यांतून कितीजण त्या डब्यापर्यंत पोचत असतील, हा विचार वर उभे राहून करण्यासारखा आहे. पण ही दुसरी जकात माफ करण्याचे उपाय तरी निघू शकतात. संधिवाताला माफी मागता येत नाही.

एवढ्यात भोंगा झाला. वारा पुन्हा सुटत होता, माथ्याच्या मागच्या कडेवरून टेबलक्लॉथ सरकायला लागला होता आणि सगळ्यांना खाली बोलावत होते. रांगेत माझ्या पुढे कोण असावे? तोच लालबुंद पोटऱ्यांचा तरुण! उतरताना घोटा मुरगळेल, गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून खाली केबल कारनेच जातो, असे त्याने मला अतिशय गंभीरपणे समजावून सांगितले. मी त्याच्याकडे कुठल्या नजरेने बघावे याचा क्षणभर विचार केला. मग म्हटले, जाऊ दे. त्याला माझ्यापुढे डब्यात जाऊ दिले. त्याने झेप घेऊन समुद्राच्या बाजूची काच पकडली आणि कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरले.

मी काही बोललो नाही. काही गोष्टी ज्याच्या त्याने स्वतः अनुभवाव्यात, असा माझा पहिल्यापासूनचा सिद्धांत आहे.

भारतात परत आल्यावर फेब्रुवारीत आम्ही दोघे रायगडाला गेलो. रोपवेने. वर जायला पाच मिनिटेही लागली नाहीत, त्यामुळे बघायला आख्खा दिवस होता. बाजारपेठेची जोती चांगली उंच आहेत. मी त्यांच्या शेजारी उभा राहून घोड्याच्या पाठीचा अंदाज घेतला, तेव्हा एका शाळेच्या सहलीतली पोरे माझ्याकडे बघून हसली. मग हिला नगारखान्याच्या दारात उभे केले आणि मी हळूहळू चालत सिंहासनाच्या जागेपाशी गेलो. अंतर बरेच आहे. तिथून ही अगदी अंगठ्याएवढी दिसत होती. मी हात वर केला. तिने तोंडापाशी हात धरून काहीतरी पुटपुटल्यासारखे केले.

आणि अगदी कानाशी बोलावे तसे ऐकू आले, "अहो, गुडघा दुखतोय का?"

खरं आहे, आई. ऐकू येतं.